नातवंडाचं पेन्सिल पोर्ट्रेट: चेहरा पाठ असला तरी बघूनच काढा

माझं पहिलं चित्र पूर्ण झालं तेव्हा आमची ही चष्मा लावून बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, छान आहे हो, पण ही आपली नात नाही, हा कुणाचा तरी साडू आहे. अडीच वर्षांची पोरगी काढायला बसलो होतो आणि कागदावर चाळिशीतला, नुकतीच दाढी केलेला बाप्या उतरला होता. राग आला पण खोटं नव्हतं ते.

आता मी काही अगदीच नवखा नव्हतो. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या, पुढे सगळी नोकरी सरकारी खात्यात ट्रेसर म्हणजे अनुरेखक म्हणून, धरणांचे कालव्यांचे नकाशे ट्रेसिंग क्लॉथवर उतरवायचे, त्यामुळे रेघ मारायला हात एकदम पक्का. आणि तोच हात नडला. नकाशात सगळं रेघेनं सांगायचं असतं, पोराच्या चेहऱ्यावर रेघ नावाची गोष्टच नसते, असतो तो फक्त उजेड आणि सावली. दुसरी भानगड म्हणजे नातीचा चेहरा मला पाठ आहे अशी माझी समजूत. म्हणून फोटोकडे कमी आणि मनातल्या चेहऱ्याकडे जास्त बघत होतो, आणि मनात जो असतो तो चेहरा नसतोच, ते चिन्ह असतं, बदामासारखे दोन डोळे, मध्ये नाक, खाली हसरी रेघ.

पुढे वर्षभरात सहा-सात चित्रं केली, त्यातली तीन बरी झाली, एक भिंतीवर आहे. त्यात जे कळलं ते क्रमानं लिहितो. ज्यांनी शाळेनंतर पेन्सिल हातात धरलेली नाही असे आजी-आजोबा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. रोज पाऊण तास दिला तर दहा-बारा दिवसांत एक चित्र होतं, एका बैठकीत उरकायचं मनात पण आणू नका, मान आणि डोळे दोन्ही बोलतात नंतर.

आधी फोटो, आणि यात घाई नको

अर्धं चित्र फोटोतच बिघडतं. नातवंड समोर बसवून काढू असं कुणाला वाटत असेल तर शुभेच्छा, अडीच वर्षांचं पोर अडीच सेकंद सुद्धा एका जागी बसत नाही. तेव्हा फोटोच.

वाढदिवसाचा स्टुडिओतला फोटो घेऊ नका, त्यात चेहरा इतका गुळगुळीत केलेला असतो की सावलीच उरत नाही. फ्लॅशचा नको. भर उन्हातला नको, पोरं डोळे बारीक करतात. आणि सेल्फी तर अजिबात नको. मोबाईल तोंडाजवळ धरला की नाक मोठं आणि कान मागे पळालेले येतात, ते आपल्याला फोटोत खटकत नाही पण चित्रात उतरवलं की लगेच जाणवतं, आणि मग आपण चित्राला दोष देतो. पाच-सहा फूट लांब बसायचं, कॅमेरा दोनपट झूमवर घ्यायचा, ते ब्युटी का काय असतं ते बंद करायचं, आणि आपण खाली जमिनीवर बसून पोराच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढायचा. उभ्यानं वरून काढला तर कपाळच कपाळ येतं आणि हनुवटी गायब.

उजेड एकाच बाजूनं हवा, सकाळी दहाच्या आसपास खिडकीशी किंवा गॅलरीच्या दारात, घरातले दिवे बंद करून. एक गाल उजेडात, दुसरा हलक्या सावलीत. सावळाराम हळदणकरांचं ते हातात दिवा धरलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र आठवा, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, बरेच जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. त्यासाठी दिवा धरून उभी राहिली होती ती हळदणकरांचीच मुलगी. उजेडाची जागा एकच, आणि चेहरा कुठे उजळतो कुठे विझतो एवढ्यावर सगळं चित्र उभं आहे. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण उजेड एकाच बाजूचा घ्यायला कोण अडवतंय.

खळखळून हसतानाचा फोटो पहिल्या चित्राला घेऊ नका, दात काढणं अवघड आणि डोळे मिटलेले. पोर कशात तरी गुंग असताना पकडा. मी घेतला तो फोटो असा: नात गॅलरीच्या दारात मटारच्या शेंगा सोलत बसलेली, म्हणजे सोलत कमी आणि खात जास्त, तोंड जरासं उघडं, खालचा ओठ ओला, डाव्या गालावर आजीनं लावलेली काजळाची तीट थोडी पुसलेली.

लेकीकडून फोटो मागवत असाल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नेहमीसारखा पाठवला की बारकावे मरतात, पापण्यांच्या जागी नुसता डाग दिसतो. मग मोबाईलमध्येच तो ब्लॅक अँड व्हाइट करून ए-फोर कागदावर दोन प्रिंट काढून आणा, एकावर चौकटी मारायच्या, दुसरी कोरी ठेवायची. रंगीत फोटो मोबाईलमध्ये राहू द्या, बोटांनी मोठा करून बघायला.

सामान

दुकानात गेलं की ती लाकडी पेटीतली चोवीस पेन्सिलींची मांडणी बघून हात पुढे जातो, मागे घ्या. एचबी, २बी, ४बी आणि ६बी, बस. आपली साधी अप्सरा नाहीतर कॅम्लिनची ड्रॉइंग पेन्सिल, सुटी मिळते. महागडी जर्मन पेन्सिल तिसऱ्या-चौथ्या चित्राला घ्या हवी तर.

आपण शिसपेन्सिल म्हणतो पण त्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि चिकणमाती मिसळून भाजलेली कांडी असते, ही युक्ती फ्रान्समध्ये कोंते नावाच्या माणसानं १७९५ साली काढली. माती जास्त की पेन्सिल कडक आणि फिकी, ती एचवाली. ग्रॅफाइट जास्त की मऊ आणि काळी, ती बीवाली. २एच मला नोकरीमुळे फार प्रिय होती, पण पोर्ट्रेटला घेऊ नका, कागदावर चर पाडते, आणि चर पडला की वरून कितीही शेडिंग करा, तिथे पांढरी रेघ दिसतेच.

कागद कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा, हाताला किंचित खरखरीत. गुळगुळीत कार्डशीट नको, त्यावर ग्रॅफाइट धरतच नाही. २२ बाय ३० इंचाची मोठी शीट घेऊन चार तुकडे केले की ११ बाय १५ इंचाचा तुकडा मिळतो, तोच बरोबर आकार. यापेक्षा लहान कागदावर डोळा इतका बारका येतो की आपल्या वयात पापणी काढायची कशी.

खोडरबर दोन. एक नेहमीचा पांढरा, दुसरा तो मळता येणारा, कणकेच्या गोळीसारखा, नीडेड रबर म्हणून मागा. हा घासायचा नाही, टेकवून उचलायचा, जेवढं ग्रॅफाइट चिकटेल तेवढं निघतं. अख्ख्या सामानात सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, माझं ऐका. बाकी सावली पुसून मऊ करायला कागदाचा गुंडाळलेला स्टंप एक, कटर, टोक घासायला पॉलिश पेपरचा तुकडा, आणि चुरा झटकायला जुना धुतलेला दाढीचा ब्रश. चुरा फुंकायचा नाही, थुंकीचा एक शिंतोडा उडाला की तिथे कायमचा डाग, मी तीन दिवसांचं काम असं घालवलंय.

आणि कागद टेबलावर सपाट ठेवून काढू नका. आपण तिरकं बघतो त्यामुळे चेहऱ्याचा वरचा भाग नकळत लांब काढला जातो, चित्र भिंतीला टेकवलं की डोकं भोपळ्यासारखं. फळी मांडीवर घ्या, वरचं टोक टेबलाला टेकवा, म्हणजे कागद नजरेला सरळ येतो.

चौकटी मारणं, ज्याला लोक उगाच फसवणूक म्हणतात

आमच्या एका मित्राचं म्हणणं की चौकटी मारून काढलं ते काय चित्र. असू दे. चौकट मारली म्हणून चित्र आपोआप होत नाही, फक्त डोळा नाकाच्या जागी जात नाही एवढंच.

हिशेब असा. प्रिंटवर १८ बाय २४ सेंटिमीटरचा भाग निवडा ज्यात डोकं, मान आणि थोडे खांदे येतील. त्यावर दीड सेंटिमीटरच्या चौकटी मारा, आडव्या १२ आणि उभ्या १६ होतात. चित्राच्या कागदावर त्याच चौकटी दोन सेंटिमीटरच्या, म्हणजे २४ बाय ३२. ११ बाय १५ इंच म्हणजे साधारण २८ बाय ३८ सेंटिमीटर, तेव्हा दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि वर-खाली तीन-तीन सेंटिमीटर मोकळं राहतं, फ्रेमवाल्याला तेवढं लागतंच. डोळे आणि तोंड ज्या चौकटींत येतात त्या चौकटी पुन्हा चार-चार भागांत तोडा. वरून अ, आ, इ आणि बाजूनं १, २, ३ लिहून ठेवा, नाहीतर मध्येच एक घर चुकतं आणि कान खांद्यावर येतो.

कागदावरच्या रेघा एचबीनं, इतक्या हलक्या की तुम्हालाच दिसाव्यात, शेजाऱ्याला नाही. पेन्सिल मागून धरायची, लिहिताना धरतो तशी टोकाजवळ नाही.

आता एकेका चौकटीत काय दिसतंय ते काढायचं, आणि खरी गोम इथे आहे. चौकटीत डोळा दिसतोय असं म्हणायचंच नाही. चौकट ई-७ मध्ये एक काळा तिरका आकार आहे, तो डाव्या रेघेच्या मध्यापासून निघून उजव्या वरच्या कोपऱ्याच्या जरा खाली संपतोय, एवढंच बघायचं. नाव घेतलं की मन आपला पाठ केलेला डोळा काढायला धावतं. मी तर फोटो आणि कागद दोन्ही उलटे करून, डोकं खाली हनुवटी वर, असंच काढलं. उलट्या चेहऱ्यात नात दिसत नाही, मग नुसते आकार दिसतात आणि हात मुकाट्यानं तेच काढतो. नकाशा ट्रेस करताना मी कधी म्हणायचो का की हे कुणाचं गाव आहे, तसंच.

बाह्यरेषा झाली की मोबाईलमध्ये चित्राचा फोटो काढून बघा, किंवा आरशात. पाठ झालेल्या चुका आरशात लगेच ओरडतात. या टप्प्यावर दोन दिवस गेले तरी चालतील, एकदा शेडिंग सुरू केलं की डोळा दोन मिलिमीटर सरकवणं म्हणजे घराचा पाया उकरणं.

पोर पोरासारखं दिसायला

साडू का झाला होता ते मला पट्टी लावल्यावर कळलं. मोठ्या माणसाच्या डोक्याचे टाळूपासून हनुवटीपर्यंत दोन भाग केले तर डोळे बरोबर मध्यावर येतात, शाळेत हेच शिकवलेलं, आणि मी तेच केलं. लहान मुलाचे डोळे मध्याच्या खाली असतात. कवटी आधी वाढते आणि जबडा, नाक, हनुवटी नंतर सावकाश, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यात वरचा अर्धा भाग केस-कपाळाचा आणि डोळे, नाक, तोंड सगळं खालच्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसलेलं. माझ्या प्रिंटवर मोजलं तर टाळू ते हनुवटी १४ सेंटिमीटर आणि डोळे वरून आठवर. मी काढले होते सातवर. एक सेंटिमीटरनं पोरीला नोकरीला लावली.

बुबुळाचं पण तसंच. जन्मलेल्या बाळाचं बुबुळ साधारण १० मिलिमीटर रुंद असतं आणि मोठेपणी साडेअकरा-बारा, तेही दोन वर्षांच्या आसपास जवळजवळ पूर्ण होतं. म्हणजे चेहरा एवढासा आणि बुबुळं मोठ्यांची, म्हणून पोरांच्या डोळ्यांत पांढरं कमी आणि काळं जास्त दिसतं. नाकाचा दांडा जवळपास नसतोच, दोन डोळ्यांच्या मधला भाग सपाट असतो. भुवया म्हणजे नुसती सावली. मान बारीक. वरचा ओठ पुढे, हनुवटी आत, आणि गाल तोंडाच्या कोपऱ्यांवर ओघळलेले. हे सगळं पट्टीनं, नाहीतर कंपासपेटीतल्या कर्कटकानं मोजून बघा, अंदाजानं नको.

सगळ्यात जास्त वय वाढवणारी गोष्ट म्हणजे नाकापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंतची रेघ. फोटोत ती हलकीशी सावली असते, आपण ठसठशीत रेघ मारतो आणि पोर एकदम साठीचं होतं. डोळ्याखालची रेघ तशीच. या दोन्ही जागी पेन्सिलचं टोक लावायचंच नाही, स्टंपला लागलेलं ग्रॅफाइट फिरवायचं, पुरे.

डोळ्यांपासून सुरुवात

मी डोळे आधी पूर्ण करतो. जाणकार म्हणतात सगळ्या चेहऱ्यावर एकदम सावली चढवत जा, बरोबरच आहे त्यांचं, पण डोळे जमले की पुढचे आठ दिवस काम करायचा उत्साह राहतो आणि नाही जमले तर कागद तिथेच बदलता येतो, म्हणून.

आधी डोळ्यातल्या चमकेची जागा ठरवा, एचबीनं हलका आकार आखून ठेवा आणि तिथे शेवटपर्यंत पेन्सिल लावू नका. माझ्या फोटोत ती गॅलरीच्या दाराची उभी चौकोनी चमक होती, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, नीट बघितलं तर त्यात ग्रिलची एक आडवी रेघ पण. पांढरा गोल ठिपका सगळेच देतात, तुमच्या फोटोत काय आहे ते द्या. मग बाहुली, म्हणजे बुबुळाच्या मधला काळा ठिपका, ४बीनं, वर थोडी ६बी. बुबुळ वरच्या बाजूला गडद, कारण पापणीची सावली पडते, आणि चमकेच्या समोरच्या बाजूला खाली थोडं उजळ. आपल्याकडच्या मुलांची बुबुळं गडद, म्हणून बाहुली आणि बुबुळ एकच काळा डाग होऊ देऊ नका, अगदी थोडा फरक ठेवा, जीव तिथेच येतो.

डोळ्यातलं पांढरं हे पांढरं नसतं. एचबीचा हलका हात फिरवाच, कोपऱ्यांकडे जास्त, नाहीतर पोर दचकल्यासारखं बघतं. पापण्यांचे केस एकेक करून, मुळाशी दाब आणि टोकाला हात उचलायचा, दोन-तीन केस मिळून झुपका होतो, कंगव्याच्या दातांसारखे सारखे नकोत. काजळ घातलेलं असेल तर ते जसं फिसकटलंय तसं फिसकटलेलंच काढा.

गाल, नाक, ओठ, आणि सावळा रंग

आता चेहऱ्याचा मुख्य भाग. पेन्सिल आडवी धरून एचबीनं सगळ्या चेहऱ्यावर एक हलका थर द्या, मग २बीनं जिथे सावली तिथे दुसरा, मग तिसरा. दाब वाढवायचा नाही, थर वाढवायचे. दाबलं की कागदाचे दाणे चेपतात, ग्रॅफाइट चमकायला लागतं आणि त्यावर पुढचा थर धरत नाही. रेघांची दिशा गालाच्या गोलाईबरोबर, फार लांब रेघा नकोत. एक थर झाला की डोळे किलकिले करून फोटो आणि चित्र शेजारी शेजारी बघायचं, बारकावे धूसर होतात आणि कुठे पुरेसं गडद नाही ते कळतं. नवीन माणसाचं चित्र नेहमी फिकंच राहतं, आपल्याला काळं करायची भीती वाटते. एका कागदाच्या पट्टीवर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा-सात छटांचे चौकोन करून ठेवा आणि ती फोटोवर सरकवून बघा, गालावरची सावली कोणत्या चौकोनाइतकी आहे ते.

बोटानं पुसायचं नाही. कितीही मोह झाला तरी. बोटाचं तेल कागदात जातं आणि तिथे ढगासारखे डाग उमटतात जे खोडून निघत नाहीत. स्टंप किंवा टिश्यू पेपर वापरा, आणि तेही सगळीकडे नको, सगळा चेहरा पुसून गुळगुळीत केला की बाहुलीच्या प्लॅस्टिकसारखा दिसतो. हाताखाली कोरा कागद ठेवाच, उन्हाळ्यात तर दोन ठेवा.

आता एक बोलतोच. आमची नात सावळी आहे, आजीवर गेली आहे, आणि चित्र काढत असताना घरात येणारं प्रत्येक माणूस सांगून जायचं की जरा उजळ काढा हो. लग्नाचा बायोडेटा आहे का तो? सावळा चेहरा काढायचा तर कागदाचा पांढरा रंग चेहऱ्यावर जवळजवळ कुठेच उघडा राहत नाही, कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा, खालच्या ओठावरचा ओला ठिपका एवढ्याच जागा. सगळा चेहरा आधी मधल्या छटेपर्यंत आणा, २बीचे तीन-चार थर बसले की येते, आणि मग तो मळता येणारा रबर गोळी करून हलका टेकवत टेकवत उजेड उचलून काढा. पेन्सिलनं सावली घालण्याइतकंच रबरानं उजेड काढणं हे पण चित्र काढणंच आहे. सावळ्या त्वचेवर उजेड जास्त छान खेळतो, गालाचा गोलपणा दोन मिनिटांत वर येतो, गोऱ्या गालाला तेवढ्यासाठी तासभर झगडावं लागतं. तेव्हा ऐकू नका कुणाचं.

नाक म्हणजे नाकपुड्यांचे दोन मऊ गडद आकार आणि शेंड्याखालची सावली, बस, बाजूनं रेघ मारलीत की संपलं. नाकपुडी ठार काळी नको, ४बीचा हलका हात. ओठांत वरचा ओठ बहुतेक सावलीत असतो आणि खालचा उजेडात, दोघांच्या मधली रेघ सगळीकडे सारखी जाड नसते, कोपऱ्यात आणि मध्यभागी गडद, बाकी ठिकाणी विरत जाणारी. ओठांच्या कडा मऊ ठेवा, नाहीतर लिपस्टिक लावल्यासारखं होतं. दात दिसत असतील तर दोन दातांमध्ये रेघ अजिबात मारायची नाही, हिरड्यांकडची सावली दिली की दात आपोआप वेगळे होतात.

तीट शेवटी घालायची, ४बीनं, आणि पुसलेली असेल तर स्टंपनं एका बाजूला ओढून. मला वाटलं होतं एवढ्याशा डागानं काय होणार, पण ही जी इतके दिवस लांबून बघून जात होती ती तीट घातल्यावर खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसली.

केस

केस एकेक काढायचे नसतात, पहिल्या चित्रात मी तेच केलं आणि खराटा झाला. आधी केसांचे मोठे गट बघा, कुठे गडद पुंजका, कुठे उजेडाचा पट्टा. गडद भाग ४बीनं भरा, उजेडाचा पट्टा हलका ठेवा, मग केसांच्या दिशेनं दोन्ही मिसळत न्या. शेवटी फक्त कडेला, कपाळाशी आणि कानाशी, पंधरा-वीस सुटे केस बारीक टोकानं. उजळ केस हवे असतील तर पांढऱ्या खोडरबराचा कोपरा कटरनं धारदार कापून एक ओढ.

जावळ काढायच्या आधीचं बाळ असेल तर वेगळंच प्रकरण. ते केस इतके विरळ असतात की टाळूची त्वचा दिसते, म्हणून आधी सगळं डोकं त्वचेसारखं गोल शेड करायचं आणि त्यावर हलके केस, उलट क्रमानं केलं तर टोपी घातल्यासारखं दिसतं. आणि घरात जावळाची तारीख ठरली असेल तर आधी भरपूर फोटो काढून ठेवा, ते केस पुन्हा तसे येत नाहीत.

कान आम्ही सगळेच उरकतो, पण दोन चौकटींत मावतो तो, उलटा करून काढा. बाळी असेल तर तिचा एक चकचकीत पांढरा ठिपका आणि त्याला लागून ठार काळा, धातू असाच दिसतो. फ्रॉक, झबलं याचे नुसते चार-पाच रेघांत इशारे द्या, त्यावरची फुलं काढत बसू नका, नजर तिकडे जाते. मागचा भाग, ज्या गालावर उजेड आहे त्याच्या मागे थोडा गडद आणि सावलीच्या गालामागे मोकळा ठेवला की चेहरा कागदावरून सुटून पुढे येतो.

थांबायचं कधी, आणि मग पुढे

चित्र आठवडाभर कपाटात ठेवा आणि मग एकदम काढून बघा. पहिल्या दोन सेकंदांत जे खटकेल ते खरं, तेवढंच सुधारा. त्यानंतर सापडतात त्या चुका आपल्या वेळ जात नाही म्हणून सापडलेल्या असतात.

ओळखू येत नाहीये असं वाटलं तर डोळ्यांच्या मागे लागू नका, आधी चेहऱ्याची बाह्यरेषा तपासा, गालाचा फुगवटा आणि हनुवटी. माणूस लांबून ओळखू येतो तो त्यावरूनच, नाका-डोळ्यावरून नंतर.

ग्रॅफाइट पुसलं जाऊ नये म्हणून फिक्सेटिव्हचा स्प्रे मारायचा तो गॅलरीत किंवा गच्चीवर, फूटभर लांबून, दोन-तीन हलके हात, प्रत्येक हात वाळू देऊन. आधी टाकाऊ कागदावर मारून बघा, काही डबे पहिल्या फवाऱ्याला थेंब टाकतात. केसांचा स्प्रे मारतात काही लोक, कागद कालांतरानं पिवळा पडतो, नको. पावसाळ्यात हवा दमट असताना पण नको.

फ्रेमवाल्याला सांगायचं की काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाल, नाहीतर ग्रॅफाइट काचेला चिकटतं आणि दमट हवेत तिथेच बुरशी धरते. मागून सेलोटेप लावू देऊ नका. आणि पावसाळ्यात ओल येते त्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवर, थेट ऊन येणार नाही अशा जागी. आमच्याकडे बेसिनच्या वरची जागा रिकामी होती म्हणून हीनं तिथलं सुचवलं होतं, नको म्हणालो, आता देवघराच्या बाजूच्या भिंतीवर आहे.

फ्रेमला द्यायच्या आधी मागच्या बाजूला तारीख आणि पोराचं वय लिहून ठेवा, महिन्यांसकट. २बी पेन्सिलनं, हलक्या हातानं आणि कडेला, जिथे पुढे चेहरा नाही अशा जागी. बॉलपेननं लिहू नका, ते पुढे उमटतं.